खटका वर हाय काय?

मिस्त्री माझ्याशी आयुष्यात जे काही बोलले, त्यातलं निम्मं तरी एकाच प्रश्नात संपलं असेल. संध्याकाळी गाडी थांबली, चूल पेटली, की बाहेरून आवाज यायचा, "खटका वर हाय काय, बाई?" मी आतून म्हणायचे, "वर हाय." मी अकोल्याची असले तरी नर्सिंगच्या शाळेत शुद्ध बोलायला शिकून आले होते आणि त्याचा मला तोराही होता. पण "वर आहे" म्हटलं, की ते ऐकू न आल्यासारखे पुन्हा विचारायचे. शेवटी मी हार मानली. एकदा अमरावतीच्या बाजारात मी वांगी निवडत असताना मागून हाच प्रश्न आला, तेव्हा भाजीवाली माझ्याकडे अशी बघायला लागली की मी वांगी तशीच टाकून निघाले.

आमची गाडी म्हणजे सरकारी फिरता दवाखाना. लढाईनंतर लिलावात निघालेली मिलिटरीची ॲम्ब्युलन्स, पेट्रोलवर चालणारी. पुढे डॉक्टर आणि मिस्त्री बसायचे, मागे औषधांचं कपाट, एक लांब बाक, हात धुवायचं भांडं आणि छताला दोन बल्ब. अमरावतीहून निघालो की परतवाड्यावरून घाट चढून मेळघाटात शिरायचं आणि दहा-बारा दिवस गावोगाव फिरायचं. डॉक्टर एखाद्या शाळेत नाहीतर विश्रामगृहात मुक्काम करायचे, मी गाडीतल्या बाकावर निजायचे आणि मिस्त्री गाडीच्या खाली ताडपत्री टाकून. त्या दिवसांत ती गाडी हेच माझं घर होतं. नागपूरच्या धम्मदीक्षेला तीन-चार वर्षं झाली होती. वडिलांचं कापसाच्या जिनिंगमधलं काम छातीच्या दुखण्यापायी सुटलं होतं, भाऊ शाळेत होते. आमच्या वस्तीतली सरकारी नोकरी लागलेली पहिली मुलगी मी. आई माझा पांढरा गणवेश घरी आला की स्वतः धुवायची, कुणाला हात लावू देत नसे.

मिस्त्री गाडीचे ड्रायव्हर आणि कारागीरही, मूळचे वलगावचे. उंच, हडकुळे, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. त्यांच्या खाकी कपड्यांना बॅटरीच्या तेजाबाने इतकी भोकं पडली होती की कपडा कुठला आणि भोक कुठलं, हे सांगणं अवघड. प्रत्येक भोकाची हकिगत मात्र त्यांना पाठ. "हे हरिसालचं. हे परतवाड्याचं, बस आडवी आली तवाचं." खांद्याला एक झोळी. तिच्यात दोन बाटल्या, एकीत स्वतःचं प्यायचं पाणी आणि दुसरीत बॅटरीचं. दुसरी फडक्यात गुंडाळलेली. एकदा डॉक्टरांनी तहानेच्या भरात तीच बाटली तोंडाला लावली, तर मिस्त्री दिवसभर जेवले नाहीत. पावसाळ्यात चिखलदऱ्याला असलो, की ते माझं एनॅमलचं भांडं उकळत्या पाण्याने तीनदा धुवून उघड्यावर ठेवायचे आणि आभाळातून सरळ पडलेलं पाणी बॅटरीसाठी साठवायचे. झाडाखालचं चालायचं नाही, पन्हळीचं तर मुळीच नाही. थंडीत स्वतःची घोंगडी बॅटरीवर घालून खाली कुडकुडत पडायचे. मी रागावले तर म्हणाले, "मले हातपाय हायेत, मी हालून घेतो. ते कोठी हालन?"

उजेड वाया जाताना त्यांना बघवत नसे. लग्नाच्या मांडवात ऊन वर आलं आणि कुणी गॅसबत्ती विझवायची विसरलं असेल, तर मिस्त्री अक्षता हातात घेऊन आधी बत्तीकडे जायचे. कुणाच्या हातात दिवसा टॉर्च पेटलेला दिसला, तर न विचारता बटण बंद करून परत त्याच्या हातात द्यायचे. लोकांना हे उद्धट वाटे. मला सुरुवातीला ते नुसते चक्रम वाटले.

आणि गाडी नेहमी उतारावर उभी करायची, तोंड खाली, चाकांना दगड. काही बिघडलं तर दगड काढले की गाडी आपोआप पळते आणि चालू होते, हा हिशोब. चिखलदऱ्याच्या विश्रामगृहासमोर छान सपाट अंगण होतं. एकदा एक मोठे साहेब आमच्या गाडीने आले. मिस्त्रींनी त्यांना वरच्या उतारावर उतरवलं आणि पावसात खाली चालत पाठवलं. साहेबांनी जाब विचारला, तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुमाले पाय हायेत, साहेब. गाडीले उतारच पाय." डॉक्टर माझ्यामागे तोंड लपवून हसत होते. साहेब हसले नाहीत.

हे वेड त्यांना कुठून लागलं, याबद्दल आमच्या खात्यात तीन-चार कथा होत्या. कुणी म्हणे, लढाईत ब्रह्मदेशात त्यांची गाडी पहाटे चालू झाली नाही आणि मागे जखमी माणसं गेली. कुणी म्हणे, त्यांची बायको वाटेत गेली. मी एकदा धीर करून विचारलंच. ते तारेवरचं कापड सोलत होते.

"काई नाई झालं," ते म्हणाले.

"मग एवढं काहून जपता?"

"काई होईलोग वाट पाहाव काय?"

एवढंच. त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

सुरुवातीला आमच्या गाडीला एकच बॅटरी होती. तिच्यावरच इंजिन चालू व्हायचं आणि तिच्यावरच छतातले दिवे. संध्याकाळी रोग्यांची रांग संपायची नाही, डॉक्टर दिव्याखाली तपासत राहायचे, आणि तासाभराने मिस्त्री पुढून येऊन दिवा बंद करायचे. सुई दंडात असतानासुद्धा. "आता उद्या, डॉक्टर." डॉक्टर ओरडायचे आणि मग कंदिलावर काम चालायचं. बाळंतपण असलं, की मात्र माझा जीव जायचा. कंदील हातात धरणारी बाई आधी घाबरते, मग कंदील हलतो, आणि जिथे बघायचं तिथेच सावली पडते.

तशाच एका बाळंतपणानंतर मी कंदील गाडीबाहेर आपटला. काच फुटली. मिस्त्रींनी तुकडे वेचले. अमरावतीला परत आल्यावर आम्हाला चार दिवस सुट्टी होती. मी कापूस-पट्ट्या आणायला ऑफिसच्या आवारात गेले, तर हे गाडीच्या पोटात पालथे पडलेले. चार दिवस ते घरी गेलेच नव्हते. डेपोतून टाकून दिलेली एक बॅटरी त्यांनी मागून घेतली होती, तिच्या आतल्या खराब पट्ट्या काढून बऱ्या बसवल्या होत्या आणि वरून डांबराने बंद केली होती. तिच्यासाठी फळ्यांची पेटी केली, आतून डांबर फासलं, वाफ जायला भोकं पाडली आणि ती माझ्या बाकाखाली बसवली. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक तांब्याचा खटका, चिनीमातीच्या पाटीवर बसवलेला, हाताच्या मुठीने वर-खाली करायचा. तो अकोल्याच्या एका बंद जिनिंगच्या भंगारातून आणलेला होता. तारा अशा ओळीने, सुतळीने गाठी मारून नेल्या होत्या की मला माझ्या शिवणाची लाज वाटली.

"हे थोरली, जाची," इंजिनाच्या बॅटरीवर हात ठेवून ते म्हणाले. "आन् हे धाकली, राहाची. तुमचे दिवे धाकलीवर. गाडी चालून राहिली तं खटका खाली. दोघी एका ताटात जेवतीन. गाडी थांबली का खटका वर. ताट अलग. मंग धाकलीनं रातभर काईबी उधळलं तरी थोरलीच्या पोटातलं कमी होत नाई. सकायी गाडी चालू."

मला सगळं समजलं. पण ताट अलग हे शब्द आमच्या घरात चांगल्या आठवणीने कधी आले नव्हते, आणि माझा चेहरा मला लपवता येत नाही. त्यांनी तो पाहिला. चष्मा काढून पुसला.

"मी काई चुकीचं बोललो काय, बाई?"

"नाही."

"चूल अलग म्हनतो मंग," ते म्हणाले. दुपारी त्यांनी माझ्या डब्यातली भाकर माझ्या आधी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तेव्हापासून मात्र मी त्यांना मनातही चक्रम म्हटलं नाही.

त्या जोडणीचा त्यांना अभिमान केवढा! डॉक्टर एकदा सहज म्हणाले, "मिस्त्री, ह्या वायरी जरा गबाळ्या दिसतात हो." मिस्त्री तीन दिवस डॉक्टरांशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर मला सांगायचे आणि मी डॉक्टरांना सांगायचे, तिघं एकाच गाडीत बसलेले असताना. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी कान पकडले, तेव्हा कुठे धारणीला चहा मिळाला.

दिव्यांची सोय झाल्यावर मी त्या बाकावर किती बाळंतपणं केली, त्याचा हिशोब नाही. कोरकू बायका आधी गाडीत चढायला घाबरायच्या, मग त्यांच्या सासवा स्वतःहून घेऊन यायला लागल्या. बाळंतपण चालू असलं की मिस्त्री लांब जाऊन झाडाखाली पाठ करून बसायचे. एरवी ते झोपण्याआधी मागचं दार उघडून खटक्याला स्वतः हात लावून बघत. बाळंतीण आत असली की दार उघडायचं नाही, मग लांबूनच हाक, "खटका वर हाय काय, बाई?" माझ्या उत्तरावर ते निजायचे.

आता ती संध्याकाळ सांगते. इतकी वर्षं मी ती तोंडाने कुणाला सांगितलेली नाही.

श्रावणातले दिवस होते. डॉक्टर ताप येऊन धारणीला पडले होते, म्हणून मी आणि मिस्त्री दोघंच सिपना नदीच्या पलीकडच्या एका गावात लस टोचायला गेलो होतो. दुपारी मागे नाल्याला पूर आला आणि परतीची वाट बंद झाली. दिवेलागणीला एक म्हातारी धावत आली. तिची सून सकाळपासून अडली होती. सून अठरा-एकोणीस वर्षांची असेल. झोपडी गळत होती, आत धूर इतका की मला तिचा चेहराही दिसेना. तिला खाटेवर घालून उतारावरच्या गाडीपर्यंत नेणं मला धोक्याचं वाटलं.

"गाडी दारात आणा," मी मिस्त्रींना सांगितलं.

"तथी सपाट हाय, बाई. चिखल हाय."

"मग मी काय अंधारात करू?"

"तुमी म्हनता तं," ते म्हणाले आणि गाडी दारात आणली. त्यांनी गाडी सपाटीवर उभी केलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तिला उचलून बाकावर घेतलं. मूल झालं. मुलगी होती, लगेच रडली. पण आईचं रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले, आणि टाके घालायला घेतले तेवढ्यात दिवे पिवळे पडायला लागले. तीन दिवस आम्ही फारसे फिरलोच नव्हतो, धाकलीचं पोट भरलेलं नव्हतं. बघता बघता सुईचं टोक दिसेनासं झालं. मी बाकाखाली हात घातला आणि खटका खाली पाडला. थोरलीचा उजेड आला. लख्ख. मी टाके घातले. त्या उजेडात मी तिला वाचवलं, असंच मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही पूर्ण खोटं वाटत नाही.

टाके संपत आले असताना बाहेरून, पावसातून, हाक आली. "खटका वर हाय काय, बाई?"

माझे दोन्ही हात रक्तात होते. म्हातारी रडत होती, मूल रडत होतं. मी मान वर न करता ओरडले, "वर हाय, वर हाय!"

दोनदा म्हणाले मी. पहिल्यांदा सवयीने आणि दुसऱ्यांदा त्यांनी पुन्हा विचारू नये म्हणून.

रक्त कमी झालं होतं, थांबलं नव्हतं. मी रात्रभर तिच्याजवळ दिवा लावून बसले, नाडी धरून. उजेड एवढा टिकला याचंच मला बरं वाटत होतं. तो का टिकला हे डोक्यात आलंच नाही. पहाटे पहाटे दिवा मंदावला, मग विझला. तोवर उजाडत होतं. नाल्याचं पाणी उतरल्याची बातमी घेऊन मिस्त्री आले. "चला, बाई. दोन घंट्यात धारणी."

त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. ते खाली उतरले, हँडल घातलं, इंजिन फिरवलं. पण हँडल नुसतं इंजिन फिरवतं, पेट्रोलला ठिणगी बॅटरीतूनच मिळते, आणि थोरलीत आता तेवढंही उरलं नव्हतं. ते मागे आले, मला बाजूला व्हायला सांगितलं, बाकाखाली वाकले. खटका खाली होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खटका वर केला, आणि म्हणाले, "आता कोनी कशाले हात लावू नोका."

गावातली माणसं जमली. कुणी म्हणे ढकलू, पण चिखलात चाकं हलेनात. कुणी म्हणे खाटेवर घालून खांद्यावर नेऊ. आठ कोस, घाटातून. तिला नुसतं कुशीवर वळवलं तरी रक्त वाढत होतं, मी नको म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "थोरलीले निजू द्या. निजली का थोडा जीव भरते तिच्यात." त्यांनी तिच्या सगळ्या तारा सोडवल्या, टोकं घासली. म्हातारीच्या चुलीवर पाणी तापवून माझ्या सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं आणि त्या घोंगडीत घालून बॅटरीभोवती लावल्या. ऊब मिळाली की ती लवकर सावरते म्हणे. आणि मग ते तिच्यावर हात ठेवून बसले. मी आत एक मनगट धरून बसले होते, ते बाहेर. तो जवान नवरा दर घटकेला हँडलकडे धावायचा आणि मिस्त्री त्याला दंडाला धरून मागे आणायचे. "आत्ता फिरवलं तं जमलेलं वाया जाईन, बेटा. एकच डाव हाय आपल्यापाशी."

म्हातारी मला विचारत होती, "बाई, ये बचेगी?" मी हो म्हणत होते.

उन्हं डोक्यावर यायला आली तेव्हा मिस्त्री उठले. तारा जोडल्या, त्या नवऱ्याला हँडलवर उभं केलं, स्वतः आत बसले. पहिल्या झटक्याला गाडी खोकली आणि दुसऱ्याला चालू झाली. ती गाडी त्यांनी त्या रस्त्यावरून कशी नेली, मला माहीत नाही, माझं लक्ष मनगटावर होतं. धारणीच्या दवाखान्यात तिला आत घेतलं तेव्हा ती श्वास घेत होती. तिसऱ्या प्रहरी ती गेली. तिथले डॉक्टर माझ्यावर न चिडता म्हणाले, "सिस्टर, सकाळी आणली असती तर कदाचित." मुलगी जगली. आजीने तिला शेळीच्या दुधावर वाढवलं.

चौकशी होणारच होती. पंधरवड्याने आम्हाला अमरावतीच्या ऑफिसात बोलावलं. साहेब नवे होते, पुण्याकडचे, कागदाला कागद लावून काम करणारे. वाईट नव्हते. व्हरांड्यात मी मिस्त्रींना म्हटलं, "मी आत सगळं सांगणार आहे." मी खरंच ठरवून आले होते.

"तुमची नोकरी पक्की झाली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"घरी कमावनारं कोन हाय?"

"मीच."

"माह्या घरी मी एकलाच खानारा," ते म्हणाले. "तुमी चूप राहा, बाई. मी बोलतो."

मला वाटलं, ते काहीतरी गोलमाल सांगतील. बॅटरी जुनी होती, पाऊस होता, असं काहीतरी. आत साहेबांनी विचारलं, "गाडीला मंजूर बॅटरी एक. ही दुसरी कुणाच्या परवानगीने बसवली?"

"म्या बसोली."

"दुसरी बॅटरी वेगळी ठेवलेली होती, असं डॉक्टर सांगतात. मग तिच्यामुळे इंजिनाची बॅटरी उतरली कशी?"

आता इथे दोनच उत्तरं होती. एक, की खटका कुणीतरी पाडला. दुसरं, की जोडणीतच दोष होता. खोलीत पंखा फिरत होता. मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली.

"जोडनी खराब होती, साहेब," ते म्हणाले. "मले जमली नाई."

कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरांनी झटकन मान वर केली. वायरी गबाळ्या दिसतात म्हटल्यावर तीन दिवस अबोला धरणारा हा माणूस होता. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं कळलं. साहेबांनी लिहून घेतलं, सदोष जोडणी. मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

आईने धुतलेला गणवेश मी घातला होता. मी म्हटलं, "नाही."

मिस्त्रींना गाडीवरून काढलं, पुढे नोकरीवरूनही. दुसरी बॅटरी काढून टाकण्याचा हुकूम निघाला आणि ती त्यांनाच काढायला लावली, कारण दुसऱ्या कुणाला तिची तार कुठून कुठे जाते हे माहीत नव्हतं. मी आवाराच्या फाटकापाशी उभी होते. त्यांनी एकेक गाठ सोडली. एकही तार कापली नाही. सगळ्या नीट गुंडाळून झोळीत ठेवल्या, खटका त्यांच्या वर ठेवला. जाताना माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, खटक्याचं विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही. त्यानंतर त्या गाडीत मी पुन्हा कंदिलावर बाळंतपणं केली, कितीतरी वर्षं. कंदील हलला की मला माझं ते "नाही" ऐकू यायचं.

अकोल्याला बदली झाली तेव्हा मी कायम झाले होते. भाऊ कमावते झाले होते. म्हणजे भीती बाळगायला आता कारण उरलं नव्हतं, तरी त्यांच्याकडे जायला मला वर्ष लागलं. अमरावतीला स्टेशनाकडच्या रस्त्याला त्यांनी बॅटऱ्या भरून द्यायचं दुकान टाकलं होतं. दुकान कसलं, पत्र्याची खोली. समोरची बस सपाटीवर उभी केली म्हणून ते एका ड्रायव्हरवर खेकसत होते. मला पाहून गप्प झाले, स्टूल पुसून दिलं.

मी बसले नाही. म्हटलं, "मी साहेबांना लिहून देणार आहे. खरं काय झालं ते."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुमच्या नावावर काय लिहिलंय, माहीत आहे ना?"

ते उठले आणि भिंतीपाशी गेले. भिंतीवर तोच तांब्याचा खटका होता, त्याच चिनीमातीच्या पाटीवर, आणि त्याच्या शेजारी बोराएवढा एक लाल दिवा. त्यांनी खटका खाली केला, लाल दिवा लागला. वर केला, विझला. पुन्हा खाली केला.

"हा पाह्यजे होता," ते म्हणाले. "म्या लावला नाई. रातच्याले थकलेल्या मानसाच्या सांगन्यावर म्या गाडी ठेवली. मंग जोडनी खराबच ना, बाई. म्या साहेबाले खोटं नाई सांगतलं."

"तुम्ही विचारलं होतं. मी न बघता सांगितलं."

"तुमच्या हाताले फुरसत नोती."

"मिस्त्री, तिचा जीव गेला."

"गेला," ते म्हणाले. त्यांना उजेड वाया जाताना बघवत नसे, पण तेव्हा त्यांनी तो लाल दिवा बंद केला नाही. मग मला म्हणाले, "त्या पोरीले पाहून आलो मागच्या साली. पयते. आजीच्या हाती लागत नाई."

मी तिथे उभी राहून रडले. बाहेरच्या ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं, तर मिस्त्रींनी त्याला हाकललं.

निघताना त्यांनी मला शपथ घालायचा प्रयत्न केला, लिहू नका म्हणून. मी शपथ घेतली नाही. अर्ज लिहिला, डॉक्टरांची सही घेतली, पाठवला. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला. पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. मला चार दिवसांनी कळलं, तोवर घरमालकाने खोली रिकामी केली होती. खटका आणि लाल दिवा भंगारवाल्याने नेला. मी दोन दिवस भंगाराची दुकानं पालथी घातली, सापडला नाही.

लाल दिव्याचं त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्यावरचं ओझं उचलायला त्यांनी ते शोधून काढलं होतं, आणि मग स्वतःच त्यावर विश्वास ठेवून बसले. कुठल्यातरी कपाटात तो कागद अजून असेल आणि त्यावर त्यांच्या नावापुढे ते दोन शब्द असतील. साहेबांनी मला विचारलं होतं, काही सांगायचं आहे का. आहे. जोडणी बरोबर होती, साहेब. खटका मी पाडला होता, आणि मिस्त्रींनी पावसातून विचारलं तेव्हा तो खालीच होता.